ब्लॉकची पेटी : ड्राफ्ट्समनचे खरे भांडवल

सुताराकडे फर्मे असतात, शिंप्याकडे पुठ्ठ्याची मापे कापून ठेवलेली असतात. एकदा नीट बेतलेली वस्तू पुन्हा पुन्हा बेतावी लागू नये, हा त्यामागचा साधा हिशेब. इमारतीचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनकडेही पूर्वी प्लास्टिकची कोरीव पट्टी असे. तिच्यातील बेसिन, कमोड, दरवाजाच्या खाचेतून पेन फिरवले की ट्रेसिंग पेपरवर तो आकार उमटे. आज ड्रॉइंग बोर्ड गेला, पेन गेले आणि त्या पट्टीची जागा संगणकातील ‘ब्लॉक’ने घेतली.

अमेरिकेतील ऑटोडेस्क कंपनीने १९८२ साली ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. आपल्याकडील लहानमोठ्या ड्रॉइंग ऑफिसांतून आणि आखाती देशांतील कन्सल्टंटांकडे आजही मुख्यतः त्यावरच काम चालते. आमच्या समाजातील अनेक मुले आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स करून या धंद्यात उतरतात. कोणी मुंब्रा, पनवेल, मिरजेत कामे घेतात, तर कोणी कोकणातून थेट दुबई, दोहा, मस्कत गाठतात. क्लासमध्ये ब्लॉक करावा कसा एवढे शिकवले जाते. तो सांभाळावा कसा, हे मात्र बहुधा कामावर गेल्यावर आणि बऱ्याचदा नुकसान झाल्यावरच कळते. म्हणूनच आज आम्ही या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधत आहोत.

ब्लॉक म्हणजे नेमके काय?

दरवाजाच्या चौकटीच्या, पल्ल्याच्या आणि उघडण्याच्या कमानीच्या रेषा एकत्र करून त्यांना एक नाव दिले की ब्लॉक तयार झाला. संगणक त्याची व्याख्या फाइलमध्ये एकदाच साठवतो. नंतर आपण तो दरवाजा जिथे जिथे ठेवू, तिथे फक्त ‘हा ब्लॉक, या जागी, या कोनात’ एवढीच नोंद राहते.

समजा, सात मजली इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट आणि प्रत्येक फ्लॅटला पाच दरवाजे. सातही मजल्यांचे नकाशे वेगळे काढले तर १४० दरवाजे होतात. प्रत्येक दरवाजा सुट्या रेषांचा असेल तर पार्टीने “पल्ल्याची जाडी बदला” म्हटल्यावर १४० ठिकाणी हात लावावा लागेल. ब्लॉक असेल तर व्याख्या एकदा बदलली की १४० दरवाजे एकाच वेळी बदलतात. फाइल हलकी राहते हा फायदा वेगळाच.

मात्र हीच तलवार दुधारी आहे. व्याख्या चुकली तर १४० दरवाजेही एकाच वेळी चुकतात. तेव्हा ब्लॉक करताना घाई करू नये.

ब्लॉक करण्यापूर्वी चार गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे माप. ब्लॉक नेहमी खऱ्या मापात काढावा. ९०० मिलिमीटरचा दरवाजा ९०० एककांचाच असावा. कागदावर लहान दिसण्यासाठी तो लहान काढू नये. प्रिंटचे प्रमाण नंतर ठरवता येते.

दुसरी गोष्ट एककाची. आपल्याकडे साइटवर फूट-इंचाची भाषा चालते, पालिकेला सादर करायचे नकाशे मीटरमध्ये असतात आणि आखातात सारे काम मिलिमीटरमध्ये होते. ऑटोकॅडमध्ये ‘इन्सयुनिट्स’ नावाची एक सेटिंग असते. ही फाइल इंचाची की मिलिमीटरची, हे तिच्यावरून संगणकाला कळते आणि ब्लॉक ठेवताना तो आपणहून रूपांतर करतो. आता एखाद्याने दरवाजा मिलिमीटरमध्ये काढला, पण फाइलची सेटिंग इंचावरच राहू दिली. तो ब्लॉक मिलिमीटरच्या नकाशात आणताच संगणक ९०० ला २५.४ ने गुणतो आणि २२,८६० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ २३ मीटरचा दरवाजा उभा राहतो. एवढी मोठी चूक डोळ्यांना लगेच दिसते आणि सुधारताही येते. खरा धोका वेगळाच असतो. ड्राफ्ट्समन कारण न शोधता तो ब्लॉक हाताने ‘स्केल’ करून अंदाजाने बसवतो. मग ९०० चा दरवाजा ८९० चा होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सेटिंग ‘युनिटलेस’ ठेवली तरी सुटका नाही, कारण मग संगणक ऑप्शन्समध्ये ठरलेले एकक गृहीत धरतो. म्हणून पेटीतील प्रत्येक फाइलचे एकक आधी तपासावे.

तिसरी गोष्ट बेस पॉइंटची. ब्लॉक जिथून धरायचा ती जागा म्हणजे बेस पॉइंट. दरवाजा बिजागरीच्या कोपऱ्यात धरावा, बेसिन भिंतीला टेकणाऱ्या बाजूच्या मध्यावर, खिडकी गाळ्याच्या एका कोपऱ्यात. ऑफिसात सगळ्यांनी एकच नियम पाळावा. बेस पॉइंट वस्तूपासून लांब कुठेतरी राहिला तर कर्सर एकीकडे आणि ब्लॉक दुसरीकडे अशी गंमत होते. शिवाय नंतर व्याख्या बदलताना बेस पॉइंट हलला, तर नकाशातील सगळे ब्लॉक आपल्या जागेवरून सरकतात.

चौथी गोष्ट लेयरची. इथे ‘शून्य’ लेयरचा नियम लक्षात ठेवावा. शून्य लेयरवर काढलेल्या आणि रंग ‘बायलेयर’ ठेवलेल्या रेषा, ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्या लेयरचा रंग घेतात. इतर लेयरवर काढलेल्या रेषा आपला लेयर सोडत नाहीत, उलट तो लेयर सोबत घेऊन नव्या फाइलमध्ये येतात. परक्या ऑफिसचे चार ब्लॉक आणले की लेयरच्या यादीत अनोळखी नावांची गर्दी होते ती यामुळेच. साधे ब्लॉक शून्य लेयरवरच काढावेत हे बरे. पल्ला जाड आणि कमान बारीक अशी गरज असेल, तर त्यासाठी ऑफिसने ठरवलेले लेयरच वापरावेत. आणखी एक बारकावा असा, की ब्लॉक ज्या लेयरवर ठेवला तो ‘फ्रीज’ केला तर पूर्ण ब्लॉक अदृश्य होतो. तोच लेयर नुसता ‘ऑफ’ केला तर ब्लॉकमधील दुसऱ्या लेयरवरच्या रेषा दिसत राहतात. प्रिंट काढताना अर्धवट दरवाजे दिसू लागले, तर आधी इथे पाहावे.

नावाचा घोटाळा

आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान नावांमुळे होते. बहुतेक फाइलींत ब्लॉकची नावे ‘डोअर’, ‘विंडो-१’, ‘न्यू’ अशी असतात. काही ठिकाणी तर ‘ए’, डॉलरचे चिन्ह आणि ‘सी’ यांनी सुरू होणारी अर्थहीन लांबलचक नावे दिसतात. ती ‘पेस्ट ॲज ब्लॉक’ केल्यावर संगणकानेच दिलेली असतात. अशा नावाचा ब्लॉक महिन्याने कोणालाच ओळखता येत नाही.

पण खरा धोका सारख्या नावांचा. समजा, एका कामात ‘विंडो-१’ ही १२०० मिलिमीटरची खिडकी आहे. दुसऱ्या कामात ‘विंडो-१’ याच नावाची खिडकी १५०० ची आहे. ड्राफ्ट्समन दुसऱ्या फाइलमधील एक खोली उचलून पहिल्या फाइलमध्ये पेस्ट करतो. संगणक काय करतो? पहिल्या फाइलमध्ये त्या नावाची व्याख्या आधीच आहे, म्हणून तो तीच कायम ठेवतो आणि येणारी व्याख्या टाकून देतो. भिंतीतील गाळा १५०० चाच राहतो, पण त्यात खिडकी १२०० ची बसते. मोठा इशारा काही येत नाही. फक्त खाली कमांड लाइनीत, सारखी व्याख्या सोडून दिल्याची एक बारीक ओळ येऊन जाते. घाईच्या कामात ती कोण वाचतो?

आता हा नकाशा ॲल्युमिनियमवाल्याकडे जातो. तो यादीप्रमाणे सेक्शन कापतो, काचेची ऑर्डर देतो. काच टफन केलेली असेल तर नंतर ती कापता येत नाही, घासून बसवता येत नाही. माल परत जात नाही आणि पैसे कोणी भरायचे यावरून बिल्डर, फॅब्रिकेटर आणि ड्रॉइंग ऑफिस यांत वाद सुरू होतो. अशा वादात सर्वांत दुबळी बाजू बहुधा ड्राफ्ट्समनची असते, कारण नकाशावर ‘ड्रॉन बाय’ या रकान्यात त्याचीच सही असते.

याउलट, आख्खी फाइलच ‘इन्सर्ट’ केली आणि त्या नावाचा ब्लॉक आधीच असेल, तर ऑटोकॅड ‘व्याख्या बदलू का’ असे विचारतो. न वाचता ‘होय’ म्हटले की आधीच्या सगळ्या खिडक्या बदलतात. म्हणजे एका वाटेने जुनी व्याख्या जिंकते, दुसऱ्या वाटेने नवी. हा फरक प्रत्येक मुलाला ठाऊक असलाच पाहिजे.

उपाय सोपा आहे. नावातच वस्तूचा प्रकार, उपप्रकार, माप आणि आवृत्ती यावी. उदाहरणार्थ, ‘दरवाजा-एकपाखी-९००-आर१’ या धर्तीवर ऑफिसच्या भाषेत संक्षेप ठरवावा. ९०० हे भिंतीतील गाळ्याचे माप की पल्ल्याचे, हेही एकदाच ठरवून भिंतीवर लिहून लावावे. चौकटीची जाडी गेल्यावर पल्ला गाळ्यापेक्षा लहान असतो. हे स्पष्ट नसेल तर सुतार आणि गवंडी एकाच आकड्याचा वेगवेगळा अर्थ काढतात. चिन्हे कशी असावीत यासाठी भारतीय मानक आयएस ९६२ आणि एसपी ४६ ही पुस्तके ऑफिसात ठेवावीत. जुन्या फाइलींतील नावे ‘रिनेम’ने सुधारता येतात.

मोजणी आणि यादी

ब्लॉकचा दुसरा मोठा उपयोग मोजणीचा. ब्लॉकमध्ये ‘ॲट्रिब्यूट’ म्हणजे माहितीचे रकाने ठेवता येतात : दरवाजाचा क्रमांक, माप, लाकूड की फ्लश डोअर, कुलूप कोणते. ही माहिती ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’ने बाहेर काढून तक्ता करता येतो. २०२२ च्या आवृत्तीपासून तर ‘काउंट’ ही सोयच दिलेली आहे. वर सांगितलेल्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला एक मुख्य दरवाजा, दोन बेडरूमचे आणि दोन टॉयलेटचे असतील, तर यादीत २८, ५६ आणि ५६ असे आकडे यायला हवेत.

इथे दोन सावधगिऱ्या. संगणक फक्त काढलेले मोजतो. सारखे मजले म्हणून एकच नकाशा काढला असेल तर यादीत ४, ८ आणि ८ येतील, त्यांना सातने गुणायचे काम आपले. आणि एकाच फाइलमध्ये फर्निचरसाठी व विजेच्या वायरिंगसाठी त्याच मजल्याच्या प्रती करून ठेवल्या असतील, तर तेच दरवाजे दोन-तीनदा मोजले जातात. म्हणून यादी निघाल्यावर एका फ्लॅटचे दरवाजे बोटावर मोजून ताळा घ्यावा, मगच ऑर्डर द्यावी.

ॲट्रिब्यूटचे रकाने नंतर बदलले तर आधी ठेवलेल्या ब्लॉकमध्ये ते आपोआप येत नाहीत, त्यासाठी ‘ॲटसिंक’ करावे लागते. आणि ‘एक्सप्लोड’ तर जपूनच वापरावे. ब्लॉक फोडला की भरलेली माहिती जाते आणि तिथे रकान्याचे नुसते नाव उरते. माहिती मजकूर म्हणून टिकवायची असेल, तर एक्सप्रेस टूल्समधील ‘बर्स्ट’ वापरावे. फोडलेला ब्लॉक मोजणीतूनही निसटतो. काही मुले एखादी रेष हलवण्यासाठी सर्रास ब्लॉक फोडतात. त्याऐवजी ‘बीएडिट’मध्ये जाऊन व्याख्या सुधारावी, किंवा वेगळा ब्लॉक हवा असेल तर नवे नाव द्यावे.

एकात अनेक

२००६ च्या आवृत्तीपासून ‘डायनॅमिक ब्लॉक’ आले. एकाच दरवाजात ७५०, ९००, १००० अशी मापे भरून ठेवता येतात, डाव्या हाताचा उजव्या हाताचा करता येतो. त्यामुळे दहा ब्लॉकऐवजी एकावर भागते आणि मापे ठरलेलीच असल्याने ८९० चा दरवाजा होण्याची भीती राहत नाही. मात्र तो करायला वेळ लागतो आणि नकाशा दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर हे गुण टिकतीलच असे नाही. जी वस्तू रोज लागते तिच्यासाठीच हा खटाटोप करावा.

पेटी कोणाच्या ताब्यात?

आता मुख्य मुद्दा. ब्लॉक चांगले असूनही प्रत्येकाच्या संगणकात वेगवेगळे असतील, तर पेटी असून नसल्यासारखी. आम्ही पुढील रीत सुचवतो.

पेटी एकाच ठिकाणी असावी आणि तिची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. बाकीच्यांनी त्यातून घ्यावे, पण बदलू नये. फोल्डरला ‘फक्त वाचण्यापुरती’ परवानगी देता येते. नवा ब्लॉक कोणी केला तर आधी तो त्या माणसाने माप, एकक, बेस पॉइंट, लेयर आणि नाव या पाच कसोट्यांवर तपासावा, मगच आत घ्यावा. पेटीची एक प्रत ऑफिसबाहेर वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

पेटीतून ब्लॉक काढण्यासाठी ‘डिझाइन सेंटर’ ही सोय ऑटोकॅड २००० पासून आहे, ‘टूल पॅलेट’ २००४ च्या आवृत्तीपासून आणि ‘ब्लॉक्स पॅलेट’ २०२० च्या आवृत्तीपासून. यांपैकी कोणतीही एक वाट ऑफिसने ठरवावी.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पेटीतला ब्लॉक सुधारला म्हणजे जुन्या नकाशांतील ब्लॉक सुधारतो असे नाही. ब्लॉक आणताक्षणी त्याची प्रत त्या फाइलमध्ये उतरते आणि पेटीशी नाते तुटते. मूळ फाइलशी नाते ठेवायचे असेल तर ‘एक्सरेफ’ ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा सुधारित ब्लॉक चालू कामांत मुद्दाम नव्याने बसवावा लागतो. जे नकाशे साइटवर गेले आहेत त्यांना मात्र कळवल्याशिवाय हात लावू नये. बदल करायचाच असेल तर नकाशाचा रिव्हिजन क्रमांक वाढवून, तारीख टाकून नवी प्रत द्यावी आणि जुनी परत मागवावी.

टाइल्स, नळ, लिफ्ट यांच्या कंपन्या आपल्या वस्तूंचे ब्लॉक फुकट देतात. ते उपयोगी असतात, पण त्यांत अनेकदा गरजेपेक्षा कितीतरी जास्त रेषा, थ्रीडी भाग आणि परके लेयर असतात. असा ब्लॉक थेट कामात आणू नये. आधी रिकाम्या फाइलमध्ये उघडून साफ करावा. न वापरलेले ब्लॉक आणि लेयर ‘पर्ज’ने काढता येतात. एका ब्लॉकच्या पोटात दुसरा असेल, तर बाहेरचा निघेपर्यंत आतला निघत नाही. म्हणून पर्ज एकदा करून थांबू नये.

अमानत आणि हलाल कमाई

शेवटी, ज्याची चर्चा धंद्यात फारशी होत नाही, तो मुद्दा. नोकरी सोडताना पेन ड्राइव्हवर ऑफिसची सगळी पेटी उतरवून नेणे हे अनेकांना चुकीचे वाटतच नाही. “मीच तर काढले होते” असे ते म्हणतात. पण पगार घेऊन, मालकाच्या वेळेत केलेले काम ही मालकाची अमानत होय. आपल्या देशातील १९५७ चा कॉपीराइट कायदाही वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचाच मानतो. आखातात नोकरीला असलेल्या भावांनी तर अधिक जपावे. तिथे अशा तक्रारीवरून नोकरी आणि पुढची शिफारस दोन्ही जाऊ शकते. न्यायचेच असेल तर परवानगी मागावी. नाहीतर आपल्या वेळेत, आपल्या मशीनवर, प्रमाण मापांवरून आपली स्वतंत्र पेटी तयार करावी. मापे कोणाच्या मालकीची नसतात आणि शिकलेली कला कोणी काढून घेऊ शकत नाही.

हीच गोष्ट सॉफ्टवेअरची. लहान ऑफिसांतून चोरीच्या प्रती सर्रास चालतात. १९९४ च्या दुरुस्तीपासून अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कैदेस पात्र गुन्हा आहे. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क शिकण्यासाठी विनामूल्य परवाना देते, पण त्यावर धंदा करता येत नाही. ज्यांना परवान्याचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी लिबरकॅडसारखे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात द्विमितीय नकाशे, ब्लॉक आणि ब्लॉकची पेटी या सोयी आहेत. डायनॅमिक ब्लॉक त्यात मिळणार नाहीत, पण साध्या प्लॅनचे काम होऊ शकते. हलाल कमाईची सुरुवात हलाल अवजारापासून व्हावी, एवढेच आमचे म्हणणे.

सुरुवात कशी करावी?

दोनशे ब्लॉक गोळा करण्याच्या फंदात पडू नये. आपल्या शेवटच्या पाच कामांत कोणत्या वस्तू वारंवार आल्या, ते पाहावे. बहुतेक वीसेक निघतील : चार-पाच दरवाजे, तितक्याच खिडक्या, कमोड, बेसिन, सिंक, ओटा, पलंग, जिन्याचा बाण, उत्तर दिशेची खूण, टायटल ब्लॉक. रोज कामानंतर एक ब्लॉक नीट करून, तपासून, नाव देऊन ठेवला तर महिन्याच्या आत पेटी तयार होते. दुकान नवे असो की जुने, ऑफिसात एक मुलगा असो की दहा, ही पेटी पुढची अनेक वर्षे रोजचा तास-दीड तास वाचवील आणि चुकीच्या ऑर्डरीचे भांडण टाळील, इन्शाअल्लाह.